बिनटोकाची सुई

नाव तीनदा पुकारलं तरी बाकावरची स्त्री उठली नाही, तेव्हा हातातले मोजे काढत प्रयोगशाळेच्या बाई स्वतःच बाहेर आल्या. नोंदणीच्या खिडकीतला माणूस वैतागून चौथ्यांदा तेच नाव घेण्याच्या बेतात होता. बाकावर दुसरं कोणी नव्हतंच. तिशी ओलांडलेली ती स्त्री मांडीवर पर्स धरून समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिला ऐकू येत नसावं म्हणावं, तर लांब कुठेतरी दार आपटलं तेव्हा तिनं चटकन मान वळवली.

बाईंनी तिच्या खांद्याला हात लावला.

"तुम्हालाच बोलावतायत."

"मला? अरे देवा." ती ओशाळून उठली. "ही माझी लहानपणापासूनची खोड आहे हो. नावानं हाक मारली की पटकन ओ जातच नाही. कान तपासून झाले, डोकं तपासून झालं. शाळेत तर आमच्या बाई खडू फेकून मारायच्या."

बाई हसल्या आणि तिला आत घेऊन आल्या.

खोली लहान होती. एका बाजूला टेबल, दोन खुर्च्या; दुसऱ्या बाजूला छतापर्यंत काच. काचेपलीकडे खरी प्रयोगशाळा, आणि तिथं अंगरखा, मोजे, मुखपट्टी घातल्याशिवाय कोणाला प्रवेश नव्हता. डीप फ्रीझरची घरघर काचेतून ऐकू येत नसे, पण टेबलावर हात ठेवला की तळव्याला जाणवायची. आलेल्या स्त्रीनं टेबलावर हात ठेवला, आणि लगेच उचलला.

तिचं चष्म्याचं दुकान होतं. डोळे तपासायची, भिंगं बसवायची. प्रयोगशाळेचं पत्र तिला महिन्यापूर्वी मिळालं होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी रक्ताच्या जुलाबांची मोठी साथ आली होती, तेव्हाचे रुग्णांचे नमुने इथं गोठवून ठेवलेले होते. आता त्यांचा अभ्यास चालू आहे, तेव्हा त्या आजाराची माहिती आणि थोडं रक्त द्याल का, असं पत्रात विचारलं होतं. लिहिणाऱ्या बाईच होत्या.

"तुम्ही नक्की शोधता काय?" चष्मेवालीनं विचारलं.

हा प्रश्न बाईंना आवडायचा. पाच वर्षं त्या हेच शोधत होत्या, पण घरचे लोक चहा संपेपर्यंतसुद्धा ऐकून घेत नसत.

"या जंतूंच्या अंगावर सुया असतात. शेकड्यांनी, फार बारीक. आतड्याच्या पेशीला चिकटले की ते सुई टोचतात आणि स्वतःची प्रथिनं पेशीच्या आत सोडतात. या सगळ्याला आम्ही स्राव यंत्रणा म्हणतो. सुईच्या टोकावर एक वेगळं प्रथिन असतं, माझं काम त्याच्यावर आहे. समोर जिवंत पेशी आलीय की नाही, ते त्याला कळतं. तोवर सुई बंद."

"म्हणजे ते वाट बघत बसतं."

"हो, तसंच म्हणा."

"आणि टोक नसलं तर?"

"तर सुई नुसती गळत राहते. सगळं बाहेर सांडतं, आत काही जात नाही. माणसाला ताप येतो, पोट बिघडतं, पण निभावतं." बाईंनी समोरची फाइल उघडली. "आणि म्हणूनच तुम्हाला पत्र लिहिलं. शेकडो नमुन्यांत एकच जोडी अशी आहे. एकाच घरातल्या, जुळ्या बहिणी. थोरलीचा नमुना एकशे एक्केचाळीस, धाकटीचा एकशे बेचाळीस. थोरलीच्या जंतूंना पूर्ण सुई आहे. तेच जंतू धाकटीकडे गेले, पण जाताना कुठेतरी त्यांचं टोक तुटलं. दोन्हींत बाकी काडीचा फरक नाही. आमच्या वहीत फक्त नमुने आहेत, पुढे रुग्णांचं काय झालं ते नाही. वॉर्डातले कागद केव्हाच वाळवीनं खाल्ले. तर आता तुम्ही सांगाल..."

"घरात आम्हाला थोरली आणि धाकटी अशीच हाक होती," चष्मेवाली म्हणाली. "मी थोरली. धाकटी गेली त्या साथीत. चार वर्षांच्यासुद्धा नव्हतो."

बाईंचं पेन कागदावर टेकलेलं होतं. ते तसंच राहिलं. शाईचा ठिपका पसरत गेला.

"तुम्ही थोरली."

"हो. अकरा मिनिटांनी." तिनं वाकून फाइलीतल्या आकड्यांकडे पाहिलं. "म्हणजे एकशे एक्केचाळीस माझा. बिचारीच्या वाट्याला मोडकी सुई आली, तरी तीच गेली. नशीब म्हणायचं, दुसरं काय."

रक्त काढायला नाना आले. प्रयोगशाळेत सगळ्यांत जुने तेच. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी रोज येत, कारण घरी बसलं की बायको भाजी निवडायला लावते असं ते म्हणत. त्यांचा हात हलका म्हणून सुई टोचल्याचं कळायचं नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी चष्मेवालीचा हात घेतला आणि बराच वेळ मनगटच बघत बसले.

"नाना, शीर वर आहे," बाई म्हणाल्या.

"माहितीय मला शीर कुठे असते ते."

जाताना चष्मेवाली दारात थांबली.

"काही निघालं तर मला सांगा. लपवू नका. आमच्या घरात या विषयावर कोणी कधी बोललंच नाही."

ती गेल्यावर बाईंनी कपाटातून सत्तावीस वर्षांपूर्वीची वही काढून नानांच्या पुढ्यात आपटली. पाच वर्षं त्या सांगत आल्या होत्या की हा आजार जीव घेतो तो सुईच्या टोकामुळे. आणि आता कळत होतं की पूर्ण सुईवाली मुलगी जगली आणि मोडक्या सुईवाली मेली. पाच वर्षांची इमारत एका वाक्यात खाली बसली होती.

"नळ्या बदलल्या असतील, नाना. एवढी साथ, एवढी गर्दी. होतं असं."

नानांनी चष्मा पुसला, घातला, आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. जुळ्यांतली थोरली. खाली, जुळ्यांतली धाकटी. अक्षर मोत्यासारखं.

"साथ होती, गर्दी होती, सगळं खरं. पण हे दोन नमुने मी स्वतः खाटेपाशी जाऊन घेतलेत. का सांगू? नर्सेसना त्या दोघी ओळखू येईनात. एक औषध हिला दोनदा, तिला शून्य वेळा, असं व्हायला लागलं. मग मीच पट्टीची कापडी फीत फाडली आणि आईला विचारलं, थोरली कोणती? तिनं दाखवली, तिच्या मनगटाला बांधली. गाठ मारली, वर तीळ होता, तो झाकला गेला. सगळं आठवतंय. ती आई एकटीच होती, नवरा बोटीवर. माझ्या हातून अदलाबदल नाही झाली, बाई. काळ्या दगडावरची रेघ."

"मग?"

"मग काय?" नाना उठले. दारापाशी जाऊन म्हणाले, "हिच्या मनगटावर तीळ नाही."

तीळ पुसट होतात, नानांचं वय झालं, सत्तावीस वर्षं म्हणजे थोडी नव्हेत, असं सगळं बाईंनी मनाशी म्हणून पाहिलं. मग मोजे चढवून त्या आत गेल्या. फ्रीझरचं झाकण उघडताच थंडी धुरासारखी अंगावर आली. एकशे एक्केचाळीस. एकशे बेचाळीस. दोन नळ्या, शेजारी शेजारी. त्यांनी दोन्हींतून तारेच्या टोकावर मावेल एवढंसं खरवडून घेतलं आणि जंतू वाढवायच्या दोन प्लेटवर रेघा ओढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्हींवर वाढ आली होती. इतकी वर्षं बर्फात पडलेले ते जंतू रात्रीत असे उठले होते की जणू कोणी मध्येच थांबवलेलं काम त्यांना पुढे न्यायचं होतं. बाईंनी हे शेकडो वेळा पाहिलं होतं. तरी त्या दिवशी इन्क्युबेटरचं दार लावताना त्यांनी पहिल्यांदाच ते हळू लावलं.

आठवड्यानं त्या चष्म्याच्या दुकानात गेल्या. आईशी बोलायचं आहे, त्या वेळचं काही आठवत असेल तर, असं फोनवर सांगून ठेवलं होतं. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. भिंतभर रिकाम्या चौकटी टांगलेल्या, आणि प्रत्येकीतून मागचा पांढरा रंग दिसत होता.

"आलाच आहात तर बसा, नंबर बघते," चष्मेवाली म्हणाली. "डोळे मिचकावता तुम्ही वाचताना." आणि बाई नको नको म्हणेपर्यंत तिनं त्यांच्या नाकावर जड चौकट चढवलीसुद्धा. एक भिंग घालायचं, काढायचं, दुसरं घालायचं.

"ही की ही?"

"पहिली."

"आता? ही की ही?"

"सारख्याच वाटतायत."

"सारख्या नसतात कधी. नीट बघा."

मागच्या बाजूला, पडद्याच्या आड, तिची आई बसली होती. एकटी ठेवता येत नाही म्हणून चष्मेवाली तिला रोज दुकानात आणायची. म्हातारीच्या मांडीवर चष्म्यांच्या मोडक्या काड्यांची टोपली होती. ती डाव्या काड्या एकीकडे, उजव्या दुसरीकडे करत होती, आणि एकही चुकत नव्हती.

"धाकटे, पाणी दे गं," म्हातारी म्हणाली.

"मी थोरली, आई."

ती हे इतक्या सवयीनं म्हणाली, की बोलता बोलता भिंगही बदललं. पाणी नेऊन दिलं, परत आली, आणि आवाज खाली आणून म्हणाली,

"बाबा जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून हे असं. बाकी सगळं आठवतं, दुधवाल्याचा हिशेब काय, माझ्या लग्नात कोण रुसलं होतं काय. नेमकं मलाच विसरते. डॉक्टर म्हणतात, धक्क्यानं होतं. गोळ्या चालू आहेत."

"तुम्हाला बहिणीचं काही आठवतं?"

चष्मेवालीनं हातातलं भिंग कापडानं पुसलं. स्वच्छच होतं ते.

"एक आठवतं, पण ते उलटं आठवतं. ती गेल्यावर मी आरशाशी बोलायचे म्हणे. म्हणजे आठवतंच मला. आरशातल्या मुलीला मी म्हणायचे, थोरले, बाहेर ये. आता बघा, मी थोरली, तर आरशात धाकटी हवी ना? लहान पोर, उलटं बोलायचं, एवढंच. पण आईनं घरातले सगळे आरसे काढून टाकले. मोठी होईपर्यंत मी आरसा पाहिला नाही. आणि आता दिवसभर लोकांना आरशात बघायला लावते." ती हसली. "बाबांचा जीव की प्राण होते मी. बोटीवरून आले की घरात पाय टाकायच्या आधी हाक, थोरले! मला ओ द्यायला उशीर व्हायचा, तर म्हणायचे, रुसली माझी लेक."

बाई पडद्याआड गेल्या. म्हातारीनं त्यांच्याकडे न बघताच विचारलं,

"तुम्ही त्या दवाखान्यातल्या?"

"प्रयोगशाळेतली. नमुने तपासते."

"मग तुमच्याकडे लिहिलेलं असेल."

"काय लिहिलेलं?"

म्हातारीनं एक काडी उचलली, उजेडात धरली आणि डावीकडच्या ढिगात टाकली. मग दुसरी उचलली. चष्मेवाली हात पुसत आली आणि म्हणाली, "राहू द्या, दुपारनंतर ती अशीच गप्प होते."

रक्ताच्या तपासणीची युक्ती त्यानंतर दोन दिवसांनी बाईंना सुचली, आणि इतकी साधी गोष्ट आधी का सुचली नाही म्हणून त्या स्वतःवरच चिडल्या. शरीरानं एकदा ज्या प्रथिनाशी झुंज दिली, त्याला ते पुष्कळदा जन्मभर ओळखतं. कागदाच्या एका पट्टीवर सुईची सगळी प्रथिनं ओळीनं लावायची, त्यावर माणसाच्या रक्तातला पिवळसर भाग सोडायचा. ज्याची ओळख पटेल तिथं काळी रेघ उमटते. साथीतून वाचलेल्या आणखी अकरा जणांचं रक्त त्यांच्याकडे होतंच.

बारा पट्ट्या त्यांनी एका ट्रेमध्ये ठेवल्या. नाना शेजारी उभे. ट्रे हळूहळू डुलत होता, आणि पांढऱ्या कागदावर रेघा अशा वर येत होत्या, जसं पाण्याखालून कोणी वर येतं. अकरा पट्ट्यांवर पाच-पाच रेघा. बाराव्या पट्टीवर चार. दांडा होता, बूड होतं, आत सोडायची प्रथिनं होती. टोकाच्या जागी कागद कोरा.

"पुन्हा करू," बाई म्हणाल्या.

पुन्हा केलं. नव्या रसायनांनी तिसऱ्यांदा केलं. त्या जागी धुरकट सावलीसुद्धा आली नाही. चष्मेवालीच्या शरीरानं त्या जंतूशी झुंज दिली होती, सुई पाहिली होती, पण सुईचं टोक कधीच पाहिलं नव्हतं. तिला झाला होता तो एकशे बेचाळीसचा आजार. धाकटीचा.

नाना खुर्चीवर बसले. ट्रे अजून डुलतच होता, तो बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

"म्हणजे फीत बरोबर होती," ते म्हणाले. मग पट्टीवरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून, "खाटेवर थोरली गेली, बाई. आणि घरी धाकटी गेली."

विभागप्रमुखांना बाईंनी पट्ट्या दाखवल्या. त्यांनी त्या खिडकीशी धरून पाहिल्या आणि त्यांचा चेहरा खुलला.

"म्हणजे पूर्ण सुईवाली मेली आणि बिनटोकाची वाचली. पाच वर्षं तुम्ही हेच म्हणताय! अहो, पेढे वाटायचे सोडून तोंड असं का?"

"त्या बाईला काय सांगू?"

"तिला सांगायचंय कशाला? आपण छापताना नावं थोडीच छापतो? रुग्ण एक, रुग्ण दोन. कोण कोणत्या नावानं जगतंय, ते आपलं काम नाही." दाराशी जाऊन त्यांनी जरा मऊ आवाजात भर घातली, "कधी कधी झाकली मूठ बरी असते."

बाईंनाही ते पटल्यासारखं वाटलं. चार दिवस वाटत राहिलं. त्या निबंध लिहायला बसायच्या आणि रुग्ण दोनपाशी अडायच्या. शेवटी चष्मेवालीचाच फोन आला. तिला एक विचारायचं होतं. बहिणीचा एकही फोटो घरात नाही, कपडे नाहीत, काही नाही. ते जंतू एकदा बघता येतील का? तिच्यातलं उरलंय ते एवढंच.

"काचेतून दाखवेन," बाई म्हणाल्या. "आईंनाही आणा."

दोघी सकाळी आल्या. चष्मेवालीला नोंदणीच्या खिडकीत सह्या करायच्या होत्या. नाना तिच्याबरोबर गेले. म्हातारी टेबलाशी बसली. तिनं दोन्ही तळवे टेबलावर ठेवले, फ्रीझरची घरघर तिलाही जाणवली असणार, पण तिनं ते उचलले नाहीत.

"कळलं ना तुम्हाला?" ती म्हणाली.

दुकानातला भरकटलेला आवाज नव्हता हा.

"हो," बाई म्हणाल्या.

"थोरली आधी आजारी पडली. दोन दिवसांनी धाकटी. थोरलीनं माझ्या मांडीवर जीव सोडला, आणि दुसऱ्याच दिवशी हिचा ताप उतरला. आठ दिवसांनी यांची बोट लागली. मी हिला कडेवर घेऊन धक्क्यावर गेले. तार पोचली होती, पण तारेत नुसतं एक मुलगी गेली एवढंच होतं. मजकूर शेजाऱ्यांनी दिलेला. हे शिडीवरून उतरले. माझ्याकडे बघितलं नाही, हिच्याकडे बघितलं नाही. पहिला शब्द, थोरली कुठाय?" म्हातारी थांबली. "धक्क्याच्या कडेकडे ते असे मागे सरत होते, की मला वाटलं, हा माणूस आता पाण्यात जातो. मी तोंडातून एक शब्द काढला नाही हो. कडेवरची पुढे केली. नुसती पुढे केली. त्यांनी तिला छातीशी धरली आणि म्हणाले, आहे, माझी थोरली आहे."

बाहेर नाना कसलासा विनोद करत होते. चष्मेवालीचं हसणं ऐकू आलं.

"मग उद्या सांगू, परवा सांगू. ते पुन्हा बोटीवर गेले. पुढच्या खेपेला सांगू. पोरीला आधी दटावलं, मग मारलं, मग ती विसरली. मीच विसरले नाही. थोरलीसाठी मी एकदाही मोकळेपणानं रडले नाही, कारण थोरली तर समोर जेवत होती."

"आता तरी तुम्ही त्यांना सांगायला हवं."

"सांगतेच की! दीड वर्ष झालं, रोज सांगतेय." म्हातारीनं मान वर केली. "ती मला गोळ्या देते."

 बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. म्हातारीनं तो घेतला नाही.

"तुमचं ऐकेल ती," ती म्हणाली. "लिहिलेलं आहे तुमच्याकडे."

चष्मेवाली परत आली. तिनं आज नवा चष्मा घातला होता, आणि लहान मुलीला जत्रेत आणल्यासारखी ती जरा घाबरलेली, जरा उत्सुक होती. बाई उठल्या. आतल्या दाराशी अंगरखा चढवला, मोजे चढवले, मुखपट्टी बांधली. जाड दार मागे बंद झालं आणि बाहेरचे सगळे आवाज तुटले. काचेपलीकडे आता नुसती दोन माणसं होती: खुर्चीवर आई, आणि काचेला नाक लागेल इतकी जवळ मुलगी.

बाईंनी दोन प्लेट बाहेर काढल्या, एक उजव्या हातात, एक डाव्या. झाकणं चिकटपट्टीनं बंद होती. दोन्हींवर सारखेच ठिपके, दवासारखे, रंग नसलेले. झाकणांवर जाड अक्षरांत आकडे. पण त्यांनी त्या अशा धरल्या होत्या, की आकडे त्यांच्या स्वतःच्या बाजूला होते.

चष्मेवालीनं दोन्हींकडे पाहिलं. ही, ती, पुन्हा ही. दिवसभर ज्यांना फरक दिसत नाही त्यांना दाखवून देणारी ती, पण तिलाही फरक दिसेना. मग तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि भुवया उंचावल्या. आवाज पोचत नव्हता, पण प्रश्न स्वच्छ होता. माझी कुठली?

बाईंच्या दोन्ही हातांत सारखंच वजन होतं. त्यांना विभागप्रमुख आठवले नाहीत, निबंध आठवला नाही. समोर खुर्चीवरची म्हातारी त्यांच्याकडे बघत होती.

त्यांनी डावा हात वळवला आणि काचेपर्यंत पुढे केला.

चष्मेवालीनं वाचलं. एकशे बेचाळीस. ती हसली, मान हलवली आणि दुसऱ्या हाताकडे बोट केलं: ती नाही, ती. बाईंचीही मान हलली. नाही. डावा हात त्यांनी मागे घेतला नाही.

पुन्हा बोट. पुन्हा नाही.

तिचं हसू लगेच गेलं नाही. ते काही क्षण विसरल्यासारखं चेहऱ्यावर राहिलं. मग तिनं नवा चष्मा काढला, पदरानं पुसला, घातला आणि आकडा परत वाचला. तिच्या श्वासानं काचेवर वाफ धरली, वाफेमागे तिचा चेहरा दिसेनासा झाला, आणि वाफ विरली तेव्हा ती तिथं नव्हती. पाठ फिरवून ती आईसमोर उभी होती.

म्हातारीचे ओठ हलले. एकच शब्द होता, आणि कोणता ते ओळखायला बाईंना आवाजाची गरज नव्हती. चष्मेवाली काय म्हणाली, की काहीच म्हणाली नाही, ते तिच्या पाठीवरून कळत नव्हतं. ती हळूहळू खाली बसली, खुर्चीच्या पायाशी, फरशीवर. म्हातारीचा हात तिच्या डोक्यावर गेला. पण म्हातारी तिच्याकडे बघत नव्हती. लेकीच्या डोक्यावरून, काचेतून, तिची नजर बाईंच्या उजव्या हातावर खिळली होती, आणि ती रडत होती, तोंड उघडं टाकून, नुकतीच बातमी कळल्यासारखी.

बाईंचे दोन्ही हात भरून आले. तरी त्यांनी प्लेट खाली ठेवल्या नाहीत.